कारवानी पिल्लांची मागची नखं

आमची कारवानी कुत्री हरणी व्याली ती ऐन थंडीत, लातूर जिल्ह्यातल्या आमच्या शेतातल्या घरी. सात पिल्लं झाली. सगळी कोरडी होऊन आचळांना लागली तेव्हा मी एकेकाला हातात घेऊन पाहत गेले. टाळू फाटलेला नाही ना, नाळ नीट सुटली ना, शेपटीला कुठे गाठ नाही ना. पाय चाचपताना तिघांच्या मागच्या पायांना, आतल्या बाजूला, जमिनीला टेकणाऱ्या बोटांच्या बऱ्याच वर एक जास्तीचं बोट लागलं. ज्वारीच्या दाण्याएवढं, टोकाला मऊ पांढुरकं नख.

पुढच्या पायांचं हे वरचं नख जवळजवळ प्रत्येक कुत्र्याला असतं. तो त्याचा अंगठाच. त्यामुळे कुत्र्याची नखं साधारण अठरा भरतात, पुढे पाच-पाच आणि मागे चार-चार. मागेही अंगठे असले की वीस होतात. आमच्याकडे वीसनखी कुत्र्याला मोठा मान. सासूबाईंना सांगितलं तर त्यांचा चेहरा खुलला. म्हणाल्या, "बापावर गेलीत. राखणीला जहाल निघतील बघ." पिल्लांचा बाप पलीकडच्या वस्तीवरचा, त्यालाही मागची नखं आहेत. ही गोष्ट रक्तातून उतरते, त्यामुळे पिल्लांना ती आलेली पाहून मला नवल वाटलं नाही. पण खुलावंसंही वाटलं नाही.

त्याला कारण होतं. आदल्या वर्षी शेजारच्या शेतातल्या एका कुत्र्याचं असंच मागचं नख मी पाहिलं होतं. ते नख जमिनीला लागत नाही, म्हणून झिजत नाही. कुणी कापलं नाही तर वाढत वाढत गोल फिरतं आणि परत स्वतःच्याच बोटात शिरतं. त्या कुत्र्याचं तसंच झालं होतं. वर केसांचा पुंजका, त्यामुळे बाहेरून काही दिसत नव्हतं. लंगडायला लागलं तेव्हा लोकांना वाटलं काटा भरला असेल. केस बाजूला केले तर आत पू आणि अळ्या. पावसाळ्याचे दिवस, माश्या. शेवटी पूर्ण भूल देऊन बोट काढावं लागलं आणि ते कुत्रं बरेच दिवस पाय उचलूनच चाललं. आमची रानं तर धसकटांची. ज्वारी निघाली की ज्वारीची, तूर निघाली की तुरीची, आणि तुरीचं धसकट म्हणजे तासलेली खुंटीच. कारवानी कुत्रं त्या रानातून सुसाट पळतं. सैल लोंबणारं नख त्यात अडकलं तर मुळापासून फाटतं.

कारवानी ज्यांनी पाळलेत त्यांना मी काय म्हणते ते कळेल. मराठवाड्यात, सोलापूरकडे, खाली कर्नाटकात हे कुत्रं घरोघर ओळखीचं. लांब तोंड, खोल छाती, आत ओढलेलं पोट, अंगावर मूठभर मांस. केनेल क्लबच्या वहीत कॅराव्हान हाउंड, लोकांच्या तोंडी कारवानी. त्याचं सगळं जगणं पायांवर. म्हणून पायाच्या बाबतीत "राहू दे, बघू पुढं" हे मला पटत नाही. आणि त्याच कारणासाठी "आत्ताच सगळी कापून टाका" हेही पटत नाही.

कारण पहिला सल्ला आला तो असाच. शहरात परदेशी जातींची पिल्लं काढून विकणाऱ्या एका ओळखीच्या माणसाला फोन केला, तर तो म्हणाला, "चौथ्या दिवशी चारही पायांची काढा, पाय साफ दिसतो, भाव चांगला येतो." गावातला दुसरा सल्ला असा की डॉक्टर कशाला, नवं ब्लेड घ्या, कापा आणि हळद भरा. तिसरा, नखाच्या मुळाशी घोड्याचा केस आवळून बांधा, चामखिळीसारखं आपोआप गळून पडतं. केस बांधला की रक्त थांबतं आणि बोट जिवंतपणी हळूहळू सडतं. त्या सगळ्या काळात पिल्लाला ठणका, आणि सडलेल्या भागातून जंतू आत. मी तिन्हींना नाही म्हटलं. प्राण्याला विनाकारण तोडणं-कापणं हा 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे, हे आपल्याकडे फार थोड्यांच्या कानावर गेलेलं असतं. पण कायदा नसता तरी चार दिवसांच्या जिवावर ब्लेड चालवायला माझा हात उठला नसता.

आमच्या गाई-म्हशींना येणारे डॉक्टर उदगीरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले. त्यांना फोन केला. त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो नखांचा नव्हता. "वहिनी, सगळी पिल्लं पितात का? वजन वाढतंय का?" मग म्हणाले, दवाखान्यात आणू नका, मीच येतो. दवाखान्याच्या फरशीवर पार्व्होची, म्हणजे कुत्र्यांच्या एका जीवघेण्या साथीच्या रोगाची, आजारी कुत्री येऊन गेलेली असतात. तो विषाणू महिनोन्‌महिने टिकतो आणि चार दिवसांच्या पिल्लांना तिथे नेणं म्हणजे नखापेक्षा मोठं दुखणं घरी आणणं. शिवाय थंडी. नवजात पिल्लाला पहिल्या आठवड्यात कुडकुडताही येत नाही, अंग गरम ठेवण्याची त्याची स्वतःची सोय अजून तयार व्हायची असते. त्याला आजूबाजूला तीस अंशांच्या आसपास ऊब लागते आणि आमच्याकडे पहाटे दहा-बारा अंशांपर्यंत उतरतं. आम्ही कोपऱ्यात गोधड्यांचं आळं करून वर बल्ब टांगला होता, तिथून त्यांना हलवायचंच नव्हतं.

दिवसही त्यांनीच ठरवला. हे काम करायचं तर जन्मानंतर तिसऱ्या ते पाचव्या दिवसाच्या दरम्यान. त्याआधी पिल्लू नुकतं कुठे चिकाच्या दुधावर सावरत असतं. आणि नंतर बोट जाड होतं, त्यातल्या रक्तवाहिन्या मोठ्या होतात, मग सरळ पाच-सहा महिन्यांनी, नसबंदीच्या वेळी पूर्ण भूल देऊनच करावं. मधल्या काळात कुणी चिमट्याने ओढून काढतो म्हणालं तर त्याला दारातच थांबवावं.

डॉक्टर सकाळी उन्हं चढल्यावर आले. हरणीला आधी बाहेर काढायचं होतं. पिल्लू ओरडलेलं तिच्या कानावर पडलं तर ती कुणालाही जुमानणार नाही आणि नंतर माणसांना पिल्लांजवळ येऊ देणार नाही. ह्यांनी तिला साखळी लावून विहिरीपलीकडे नेलं. मी सातही पिल्लं टोपलीत ठेवली, खाली गरम पाण्याच्या बाटल्या जुन्या लुगड्यात गुंडाळून.

डॉक्टरांनी हात धुतले, नखांखालून घासून, आणि मग पिल्लं एकेक करून किराणा दुकानातल्या आमच्या जुन्या काट्यावर तोलली. मी जन्मापासूनची वजनं वहीत लिहीत होते. निरोगी पिल्लू आठ-दहा दिवसांत जन्माच्या वजनाच्या दुप्पट होतं, म्हणजे रोज थोडी भर पडलीच पाहिजे. नखंवाल्या तिघांपैकी एक काळी, सगळ्यांत लहान, तिची भर पडतच नव्हती. डॉक्टरांनी तिला उचलून पोट दाबलं, तोंडात बोट घालून चोखते का पाहिलं आणि परत टोपलीत ठेवली. "हिला हात लावायचा नाही. हिची सगळी ताकद दूध प्यायला लागणार आहे." एवढ्यावर तिचा विषय संपला.

उरले दोन नर. त्यांचं तपासणं पाहण्यासारखं होतं. डॉक्टरांनी पहिल्याचं मागचं बोट दोन बोटांत धरून हळूच सगळीकडे फिरवलं. मग माझं बोट तिथे ठेवून मलाही करायला लावलं. ते बोट नुसत्या कातडीवर होतं, कुठेही धरलेलं नाही, हवं तिकडे वळत होतं. दोन्ही पायांचं तसंच. दुसऱ्या पिल्लाच्या डाव्या पायाचं तेच, पण उजव्या पायाचं मात्र फिरवताना अडलं. खाली बारीक हाड लागत होतं, बोट पायाला धरून बसलेलं. "हे राहू द्या," ते म्हणाले. "ह्याला हाडाचा सांधा आहे. ह्या वयात काढायचं तर सांध्यातून सोडवावं लागेल, आणि ते लोंबत नसल्यामुळे अडकायची भीतीही कमी." म्हणजे तिघांच्या सहा मागच्या नखांपैकी काढायची होती फक्त तीन.

मग मी पुढच्या पायांचं विचारलं, कारण तो फोनवरचा सल्ला डोक्यात होता. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "कारवानीची पुढची नखं काढणार?" त्यांनी पिल्लाचा पुढचा पाय वळवून दाखवला. तिथलं वरचं बोट हाडाचं, सांध्यांचं, त्याला वाकवणाऱ्या आणि ताणणाऱ्या स्नायूंच्या दोऱ्या जोडलेल्या. कुत्रं उभं असताना किंवा चालताना ते अधांतरी दिसतं. पण भरधाव पळताना पुढच्या पायाचा सांधा इतका वाकतो की तो अंगठा जमिनीला लागतो, आणि वळताना तोच रुततो. पाय पिळवटण्यापासून सांध्याला आधार देतो. ज्या कुत्र्याला सशामागे काटकोनात वळायचं असतं, त्याचा हा अवयव तोडायचा?

हे मी स्वतः पाहिलेलं आहे, पण त्याचा अर्थ तेव्हा लागला. हरभऱ्याला पाणी दिलं की रान ओलं असतं. हरणी त्यातून टिटव्यांमागे पळाली की तिच्या पावलांचे ठसे राहतात. सरळ पळण्याच्या ठशांत चार बोटं आणि मधली गादी. जिथे ती वळते तिथे मात्र पुढच्या पायाच्या ठशाच्या आतल्या बाजूला, थोडी मागे, एक तिरकी चीर पडलेली असते. मला वाटायचं काडी घासली गेली असेल. ती तिच्या अंगठ्याच्या नखाची खूण होती. ती हाड चघळते तेव्हाही दोन पुढच्या पायांत धरून ते त्याच अंगठ्यांनी आवळते. अमेरिकेत अडथळ्यांच्या शर्यतीत पळणाऱ्या कुत्र्यांची एक पाहणी 2018 साली प्रसिद्ध झाली आहे. त्यात पुढचे अंगठे नसलेल्या कुत्र्यांमध्ये बोटांच्या दुखापतींचं प्रमाण जास्त आढळलं. पाय साफ दिसावा म्हणून हे काढणं मला अजिबात मान्य नाही, मग भाव किती का येईना.

आता प्रत्यक्ष काम. माझं मन तोपर्यंत दगड झालेलं नव्हतं, पण हात स्थिर होते. पिल्लू धरायचं ते माझ्याकडे होतं. पाठ तळव्यावर, डोकं मनगटाकडे, मागचे पाय माझ्या अंगठ्याने अलगद धरलेले. डॉक्टरांनी आधी जंतुनाशकात भिजवलेल्या बोळ्याने जागा पुसली, अगदी थोडीशी, म्हणजे पोट ओलं होऊन पिल्लू गार पडू नये. मग बधिर करायचं इंजेक्शन.

इथे मी मुद्दाम थांबते. बरेच जण, काही जुने डॉक्टरसुद्धा, एवढ्याशा पिल्लाला बधिर करत नाहीत. इंग्लंडात 2007 च्या नियमांनुसार पिल्लाचे डोळे उघडायच्या आत हे भूल न देता करायला मुभा आहे, आणि डोळे उघडतात दहाव्या ते चौदाव्या दिवशी. समजूत अशी की इतक्या लहानपणी दुखत नाही. आमच्या डॉक्टरांनी ती समजूत साफ खोडली. वेदना मेंदूपर्यंत नेणाऱ्या वाटा जन्मतःच चालू असतात. कच्ची असते ती वेदनेला आवर घालणारी यंत्रणा. म्हणजे झालंच तर त्याला जास्त दुखतं, फक्त सांगता येत नाही. ते मात्र औषध फार जपून देतात. दोन टक्क्यांच्या लिग्नोकेनमध्ये, म्हणजे त्या बधिर करायच्या औषधात, मिलिलीटरला वीस मिलिग्रॅम औषध असतं, आणि चारशे ग्रॅमच्या जिवाला मिलिलीटरचा दहावा भाग ही झाली वरची हद्द. त्याच्या वर गेलं तर झटके येऊ शकतात, हृदय बंद पडू शकतं. म्हणून त्यांनी इन्शुलिनच्या बारीक सिरिंजमध्ये औषध सलाईनने पातळ केलं आणि बोटाच्या मुळाशी कातडीखाली एक बारीक फुगा येईल एवढंच सोडलं. घरी करणाऱ्यांनी ब्लेड धरू नये याचं हेही एक कारण. हे मोजमाप चुकायला वाव नाही.

थोडा वेळ थांबलो. डॉक्टरांनी सुईच्या टोकाने टोचून पाहिलं, पिल्लाने पाय ओढला नाही. मग वाकड्या टोकाच्या बारीक चिमट्याने बोट अगदी मुळाशी दाबून धरलं. चिमट्याचे दात लागण्याचा कट्‌ असा आवाज झाला. तसंच दाबून ठेवलं, त्याने रक्तवाहिन्या मिटतात. मग चिमट्याला लागून वाकडी कात्री. एकदाच. बाहेर आलेला तुकडा कापसावर ठेवला तर नख आणि चिमूटभर कातडी, एवढंच. चिमटा सोडल्यावर रक्ताचा एक थेंब फुगून आला, त्यावर गॉज दाबला, आणि विरघळणाऱ्या धाग्याचा एकच टाका. गाठ घालून धागा इतका आखूड कापला की हरणीच्या जिभेला लागू नये.

पिल्लू ओरडलं ते इंजेक्शनच्या वेळी, आणि त्याहून जास्त मी त्याला पाठीवर धरलं तेव्हा. पिल्लांना उताणं धरलेलं मुळीच आवडत नाही. कात्रीच्या वेळी ते माझ्या बोटाची गादी चोखत होतं. दुसऱ्याच्या पायाला रक्त जरा जास्त आलं. डॉक्टरांनी घड्याळाकडे पाहत नुसतं दाबून धरलं, उचलून पुन्हा पुन्हा पाहिलं नाही. "उचललं की गाठ मोडते," म्हणाले. थांबलं.

सासूबाई उंबऱ्यात बसून होत्या. त्यांचा विरोध होताच. "लेकरांचं रगत कशाला काढता?" असं सकाळपासून दोनदा म्हणून झालं होतं. हाडाचं नख ठेवलंय आणि काळीला हात लावला नाही हे पाहून त्या जरा निवल्या, आणि पिल्लं पुसायला स्वतःच्या जुन्या लुगड्याचे तुकडे आणून दिले. तो मऊ सुती कपडाच पुढे कामाला आला. खाली कडबा, भुसा, काही टाकायचं नाही, कारण कुसळ टाक्यात जातं. हळद, राख, मलम, तेल, काहीही लावायचं नाही. कपडा दिवसातून दोन-तीनदा बदलायचा, उकळून उन्हात वाळवायचा.

हरणीला आणलं तेव्हा आधी दोन्ही पिल्लं आचळाला लावून मगच तिला सैल सोडलं. तिने दोघांना नाकाने उलटं केलं, टाक्याची जागा हुंगली, चाटायला लागली. आईने थोडं चाटणं ठीक, पण ती एकाच जागेला लागून राहिली तर टाका उघडतो. पहिली रात्र आम्ही पाळी लावून बसलो. ती चाटत राहिली की तिचं तोंड हाताने वळवून दुसऱ्या पिल्लाकडे न्यायचं. ती ऐकायची. हरणी फार समजूतदार आहे.

लक्ष ठेवायचं होतं ते तीन गोष्टींवर. पाय सुजलाय का, जागा गरम लागते का, पिल्लू घोळक्यातून बाजूला पडून कण्हतंय का. दुसऱ्या दिवशी एकाचा पाय जरा सुजलेला वाटला. डॉक्टरांना फोटो पाठवला, ते म्हणाले एवढी सूज असतेच, दूध पितंय ना. पीत होतं. वजनाची वही रोज संध्याकाळी भरत होते. दोन्ही नरांची भर त्या दिवशी थोडी कमी पडली, मग पुन्हा पूर्ववत. डोळे उघडेपर्यंत जखमेच्या जागी फक्त एक गुलाबी रेघ होती आणि वर बारीक केस यायला लागले होते.

काळीने मात्र आमचा जीव टांगणीला लावला. तिला दर दोन तासांनी मागच्या, जास्त दुधाच्या आचळाला धरून पाजावं लागलं, इतर पिल्लं बाजूला सारून. आठवड्याभराने तिने घेतलं एकदाचं अंग. त्या दिवशी तिलाही कापलं असतं तर ती हाती लागली नसती, असं मला मनापासून वाटतं. पिल्लाची प्रकृती पाहून मागे फिरणारा डॉक्टर मिळाला हे आमचं नशीब. ठरलेलं काम ठरलं म्हणून उरकून टाकणारे पुष्कळ असतात.

हे काम प्रत्येक पिल्लाला करावंच असं मी कुणाला सांगणार नाही. फ्रान्सच्या बाजूची मेंढरं राखणारी काही कुत्री आहेत, ब्रियार, बोसरों, ग्रेट पिरेनीज. त्यांना मागे दोन-दोन जास्तीची नखं असणं हीच जातीची खूण मानतात. त्यांना नखं घेऊन नीट जगता येतं, कारण त्यांची माणसं ती कापतात. आमच्याकडे शेतावरच्या कुत्र्याची नखं कापायची पद्धतच नाही. पिल्लू एकदा दुसऱ्याच्या वस्तीवर गेलं की त्याच्या मागच्या पायाचे केस बाजूला करून कोण पाहणार? सैल नखं काढायला मी तयार झाले ती ह्याच हिशेबाने. कुत्रं आयुष्यभर माझ्याच दारात राहणार असतं आणि मला कापायची सवय असती, तर तीही ठेवली असती.

पिल्लं न्यायला लोक आले तेव्हा प्रत्येकाला पुढची नखं दाखवली. दर दोन-तीन आठवड्यांनी टोक कापायचं, नख पांढरं असेल तर आतली गुलाबी शीर दिसते, तिच्या अलीकडे थांबायचं. काळं असेल तर एका वेळी कणभरच. चुकून रक्त आलं तर तुरटी दाबायची. हाडाचं नख असलेला नर निलंग्याकडच्या एका मेंढपाळाने नेला. त्याला ते नख हातात धरून दाखवलं, त्याने दोनदा स्वतः फिरवून पाहिलं आणि विचारलं, "मेंढरांच्या खुराची कात्री चालंल का?" ती फार मोठी होते म्हणून त्याला माणसाचं साधं नेलकटर वापरायला सांगितलं.

काळी आमच्याकडेच आहे. तिची वीसही नखं जागेवर आहेत, सासूबाईंची ती लाडकी. मागची दोन्ही सैल आहेत. नसबंदीच्या वेळी ती काढायची की नाही हे डॉक्टर तेव्हा पाय पाहून ठरवतील. तोवर मीच ती कापते आणि रानातून आली की आधी मागचे पाय पाहते.